नवख्या खेळाडूचे पहिले दहा डाव

बुद्धिबळाला पट, बत्तीस मोहरे आणि दोन माणसे एवढेच लागते असे मानले जाते. पण हा खेळ ज्या वाड्यांत, देवळांच्या ओसरीवर आणि शाळेच्या व्हरांड्यांत पिढ्यानपिढ्या टिकला तिथे आणखी एक माणूस बहुधा हजर असे, तो म्हणजे शेजारी बसून डाव पाहणारा जाणता. नवा मुलगा प्यादे आडवे सरकवू लागला की त्याला थांबवणारा, राजाला शह बसलेला असताना भलतीच चाल झाली तर ती मागे घ्यायला लावणारा आणि सलग चार डाव हरून उठून चाललेल्याला पुन्हा बसवणारा हा माणूस स्वतः खेळत नसे, त्याला मोबदला मिळत नसे आणि निकालाच्या कागदावर त्याचे नावही येत नसे. इंटरनेटने पट, मोहरे आणि प्रतिस्पर्धी या तिन्ही गोष्टी जवळजवळ फुकट करून टाकल्या, परंतु हा तिसरा माणूस यंत्राला पुरवता आलेला नाही. ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळांवर नवख्यांचे स्वागत करणारे, त्यांच्या शंकांना उत्तरे देणारे आणि त्यांना छोट्या गटांत सामावून घेणारे स्वयंसेवक आज जे काम करतात, ते या माणसाचे काम आहे.

बीड तालुक्यातील चौसाळ्याचा विचार केला तर या कामाची गरज नीट ध्यानात येते. सोलापूर-धुळे महामार्गावरचे, बालाघाटच्या पठारावरचे हे गाव ज्या जिल्ह्यात येते, त्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे मजुरांच्या टोळ्या निघतात. अशा गावात बुद्धिबळाची गोडी लागलेल्या मुलाला वर्गातल्या दोघातिघांना हरवून झाले की पुढचा प्रतिस्पर्धी बीडला, छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट पुण्याला शोधावा लागे, आणि एसटीचे भाडे, मुक्काम व प्रवेशशुल्क यांचा हिशेब मांडतानाच ती गोडी बऱ्याचदा आटून जाई. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, त्यानंतर मोबाइलवरचा डेटा खेड्यापाड्यांतही परवडू लागला, आणि आता त्याच मुलाला रात्री जेवण झाल्यावर काही सेकंदांत ब्राझीलमधला किंवा पोलंडमधला खेळाडू समोर मिळू शकतो. अडचण अशी की तो खेळाडू सहसा बोलत नाही, बोललाच तर त्याची भाषा कळत नाही आणि डाव संपताच तो निघून जातो. आपण नेमके कुठे चुकलो हे विचारायला हरलेल्याजवळ कोणी उरत नाही.

महाराष्ट्रात या तिसऱ्या माणसाची परंपरा चांगली मुरलेली आहे. सांगलीचे भाऊसाहेब पडसलगीकर, ज्यांना बुद्धिबळातले भीष्माचार्य म्हटले जाई, त्यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे जे उभे केले ते या परंपरेचे संस्थारूप होते. लग्नानंतर भाग्यश्री ठिपसे या नावाने ओळखल्या गेलेल्या भाग्यश्री साठे आणि स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू सांगलीच्या मातीतून वर आल्या, यात त्यांच्या गुणवत्तेइतकाच वाटा अशा वातावरणाचा आहे, जिथे नव्या पोरालाही पटासमोर जागा मिळते. मंडळ नावाची ही गोष्ट भव्य असावी लागत नाही: दार उघडणारा, घड्याळे चालू आहेत का ते पाहणारा आणि नव्या मुलाला त्याच्या ताकदीचा जोडीदार शोधून देणारा एक माणूस असला तर ती चालते. तो नसला की दोन वर्षांत कुलूप लागते.

इंटरनेटवर हेच पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. १९९२ मध्ये अमेरिकेत इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला, तेव्हा पटाचे चित्रसुद्धा अक्षरांनी रेखाटलेले असे आणि प्रत्येक गोष्टीसाठी एक आज्ञा टंकावी लागे: डाव मागायला एक, आव्हान स्वीकारायला दुसरी, बरोबरीचा प्रस्ताव द्यायला तिसरी. सर्व्हर म्हणजे जिथे सगळ्यांचे डाव जुळतात आणि नोंदले जातात तो मध्यवर्ती संगणक. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डॅनियल स्लीटर यांनी १९९५ मध्ये या सेवेचे रूपांतर वर्गणी घेणाऱ्या इंटरनेट चेस क्लबमध्ये केले, तेव्हा दुखावलेल्या काही खेळाडू-प्रोग्रामरांनी त्याच वर्षी फ्री इंटरनेट चेस सर्व्हर ही विनामूल्य सेवा स्वतंत्रपणे चालू केली. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेही १९९५ मध्येच, १५ ऑगस्टला. या विनामूल्य सर्व्हरवर संभाषणासाठी क्रमांक दिलेले कक्ष होते आणि त्यांतला पहिल्या क्रमांकाचा कक्ष मदतीसाठी राखलेला होता. नवखा तिथे आपला प्रश्न टंकी, आणि सेवा-प्रतिनिधी म्हणून नेमलेले स्वयंसेवक किंवा तिथे सहज बसलेला एखादा अनुभवी खेळाडू त्याला उत्तर देई. प्रश्न बहुतेक तेच असत, उत्तरेही तीच असत. तरीही ती माणसाने द्यावीत असे ठरवण्यात पुढच्या तीस वर्षांच्या ऑनलाइन बुद्धिबळाची एक रीत पडून गेली.

आज आज्ञा टंकाव्या लागत नाहीत, बोटाने मोहरा सरकवला की झाले. त्यामुळे अडचणी संपल्या असे वाटते, पण प्रत्यक्षात त्या नियमांकडे सरकल्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात अनेक घरांत बुद्धिबळ आजोबांकडून नातवाकडे आलेले असते आणि ते देशी पद्धतीचे असू शकते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी उडी घेता येते आणि शेवटच्या ओळीत पोहोचलेले प्यादे ज्या घरात पोहोचले त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेते. आंतरराष्ट्रीय नियमांत यातले काहीच नाही. तिथे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जाऊ शकते, राजाला किल्लेकोट, म्हणजे हत्तीच्या साह्याने एकाच चालीत सुरक्षित कोपऱ्याकडे सरकण्याची सोय आहे, आणि शेवटच्या ओळीतल्या प्याद्याचा राजा सोडून हवा तो मोहरा करता येतो. ज्याने वर्षानुवर्षे घरी डाव मांडले आहेत त्याला पडद्यावर आपला राजा उडी घेत नाही असे दिसले की पहिली शंका स्वतःवर येत नाही, ॲपवर येते.

मदतीच्या कक्षांत येणाऱ्या तक्रारी पाहिल्या तर तीन प्रसंग पुन्हा पुन्हा भेटतात. पहिल्यात नवख्याचे प्यादे पटावरून अचानक गायब झालेले असते, कारण त्याने ते दोन घरे ढकलले आणि शेजारच्या प्याद्याने ते जणू एकच घर चालले असे मानून तिरके मारले. एन पासाँ या फ्रेंच नावाने ओळखला जाणारा हा नियम घरगुती खेळात क्वचितच पाळला जातो. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याजवळ एकटा राजा उरलेला असतो, नवख्याजवळ वजीर आणि दोन हत्ती असतात, आणि तरीही डाव बरोबरीत सुटल्याची सूचना येते. तिथे राजाला शह नसतो, परंतु त्याला हलायला एकही घर उरलेले नसते. या स्थितीला स्टेलमेट म्हणतात आणि ती जिंकणाऱ्याच्या घाईमुळे घडते. तिसऱ्या प्रसंगात जिंकत आलेला डाव घड्याळामुळे जातो, कारण नवख्याने तीन मिनिटांचा अतिजलद डाव निवडलेला असतो आणि प्रत्येकाला आपापल्या वाट्याची तीनच मिनिटे मिळतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नियमाचे पान यातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देते. मात्र फसवणूक झाली असे वाटणाऱ्या माणसाला पान दाखवण्याने समाधान होत नाही. चांगला स्वयंसेवक त्याचा तोच डाव उघडतो, ती चाल दाखवतो आणि एक चाल आधी हत्ती कुठे ठेवला असता तर मात झाली असती हे सांगतो. उत्तराला दोन मिनिटे लागतात आणि ती दोन मिनिटे खरोखर मोलाची असतात.

याहून मोठा अडथळा गुणांकनाचा आहे, आणि त्यापायी नियमांपेक्षा जास्त खेळाडू गळतात. गुणांकन म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकड्यात मांडलेला अंदाज. हंगेरीत जन्मलेले अमेरिकी प्राध्यापक अर्पाद एलो यांनी तयार केलेली पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली, आणि तिचे गणित असे की दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल तर वरचढ खेळाडूने शंभरांपैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. ४०० चे अंतर असेल तर सुमारे ९१. पुढे मार्क ग्लिकमन यांनी या पद्धतीत आणखी एक आकडा जोडला, जो त्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा हे सांगतो. लीचेस या संकेतस्थळावर ग्लिकमन यांच्याच पद्धतीची दुसरी आवृत्ती वापरली जाते आणि नव्या खेळाडूला आरंभी १५०० गुण देऊन त्यापुढे प्रश्नचिन्ह लावले जाते. १५०० म्हणजे त्या संकेतस्थळावरचा साधारण मधला खेळाडू. नुकत्याच चाली शिकलेल्या मुलाची खरी ताकद समजा ८०० आहे, तर त्याला मिळणारे पहिले काही प्रतिस्पर्धी शंभरांतले ९८ डाव त्याच्याविरुद्ध जिंकतील इतके भारी असतात. संगणकाला त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसल्यामुळे सुरुवातीचे आकडे मोठ्या उड्या घेतात: एका पराभवात शंभराहून अधिक गुण जाऊ शकतात, आणि मुलाला वाटते की आपण क्षणाक्षणाला खाली कोसळतो आहोत.

वस्तुतः तो कोसळत नसतो, त्याची जागा शोधली जात असते. खेळलेल्या डावांबरोबर तो दुसरा आकडा घटत जातो, प्रश्नचिन्ह निघून जाते, उड्या लहान होतात आणि त्यानंतर त्याला त्याच्याच ताकदीचे लोक मिळू लागतात. जिंकणे-हरणे निम्म्यावर येते. परंतु ही गोष्ट जाणण्यासाठी आधी ते पहिले दहा-पंधरा डाव हरूनही टिकावे लागते, आणि अनेकजण नेमके तिथेच सोडून जातात. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने नाव नोंदवतानाच आपण अगदी नवे आहात की सराईत, असे विचारून आरंभीचा आकडा खालवर ठेवण्याची सोय केली, ती यावरच उपाय म्हणून. तो उपाय बरा आहे, पण पुरा नाही, कारण घरात सगळ्यांना हरवणारा मुलगा स्वतःला अगदी नवा म्हणवून घेत नाही. इथे स्वयंसेवकाचे काम निव्वळ गणित सांगण्याचे नसते. पहिल्या दहा पराभवांचा अर्थ आधीच सांगून ठेवणे हेच स्वागताचे सार आहे, आणि बाकी सगळे, म्हणजे हसरी चित्रे, सूचनांची पाने, गटाचे नाव आणि बोधचिन्ह, हे त्यापुढे गौण ठरते.

२०२० च्या टाळेबंदीत या स्वागताला भारतात अचानक मोठे रूप आले. पुण्यात शिकलेला आणि तिथेच विनोदी कार्यक्रमांची सुरुवात केलेला समय रैना घरी बसून बुद्धिबळाचे थेट प्रक्षेपण करू लागला; नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि मुंबईचे सागर शहा, ज्यांनी अमृता मोकळ यांच्यासह चेसबेस इंडिया या बुद्धिबळविषयक माध्यमाचा व्याप उभा केला, हे त्यात सामील झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या द क्वीन्स गॅम्बिट या मालिकेने तीच लाट जगभर वाढवली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये चेस डॉट कॉमने आपली सदस्यसंख्या १० कोटींवर गेल्याचे जाहीर केले. या प्रक्षेपणांचे वैशिष्ट्य प्रेक्षकांच्या संख्येत शोधण्यापेक्षा त्यांच्या सुरात शोधावे. तिथे यजमान स्वतः नवखा होता, उघडपणे वजीर गमावत होता, आणि बाजूला बसलेला ग्रँडमास्टर हसत हसत ती चूक समजावत होता. हरण्याला लाज नाही हे लाखो लोकांना एकाच वेळी, हिंदीत आणि शिकवण्याचा आव न आणता कळले. तरीही याला पूर्ण स्वागत म्हणता येत नाही. प्रक्षेपण हजारोंशी बोलते, पण चौसाळ्यातल्या मुलाच्या विशिष्ट डावाचे उत्तर देत नाही, आणि लाट ओसरल्यावर उरलेले खेळाडू तेच होते ज्यांना कोणत्या ना कोणत्या छोट्या गटाने धरून ठेवले.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग नवख्यांना सांगण्याजोगा आहे. जागतिक महासंघाने २०२० मध्ये ऑलिम्पियाड ऑनलाइन भरवले, भारताचा कर्णधार विदित गुजराथी होता, आणि ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीच्या दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव चालू असताना त्यांची जोडणी तुटली व दोघेही वेळेवर हरले. हा बिघाड इंटरनेटच्या जागतिक यंत्रणेतला होता, भारताने दाद मागितली आणि महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक जाहीर केले. रोजच्या डावांत अशी दाद मिळत नाही. रेंज गेली, भारनियमनात वायफाय बंद पडले किंवा खेळताना फोन आला तरी घड्याळ चालूच राहते, आणि वारंवार डाव अर्धवट सुटले तर संकेतस्थळ त्या खेळाडूला काही काळ खेळण्यापासून रोखते, कारण संगणकाला रेंज जाणे आणि हरताना पळून जाणे यांतला भेद कळत नाही. म्हणून ग्रामीण भागातल्या नवख्याला पहिला सल्ला असा द्यावा लागतो की तीन मिनिटांच्या डावांच्या नादी न लागता दहा किंवा पंधरा मिनिटांचे आणि प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणारे डाव निवडावेत, म्हणजे रेंज परत येईपर्यंत घड्याळात काहीतरी शिल्लक राहते. दिव्या देशमुखने पुढे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. जोडणी तुटून हरणे हा ताकदीचा पुरावा नसतो हे समजावायला तिच्यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

स्वयंसेवकांचा बराच वेळ खाणारी दुसरी बाब म्हणजे संगणकाची मदत. स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम कोणत्याही मानवी खेळाडूपेक्षा कितीतरी बलवान आहे आणि तो साध्या फोनवरही फुकट चालतो. म्हणून डाव चालू असताना त्याला चाल विचारणे सर्वत्र निषिद्ध आहे आणि पकडले गेल्यास खाते बंद होते. नवखे हा नियम मोडतात तेव्हा त्यामागे लबाडीच असते असे नाही, पुष्कळांना आपण शिकतो आहोत असेच वाटत असते. उलट बाजूने, सलग हरणारा नवखा समोरचा प्रत्येक खेळाडू संगणक वापरतो असे ठरवून उघड आरोप करू लागतो. दोघांनाही एकच वाट दाखवावी लागते: डाव संपेपर्यंत थांबावे, मग विश्लेषण उघडावे आणि संशय असेल तर तक्रारीची कळ दाबून मोकळे व्हावे. या विश्लेषणामागेही स्वयंसेवा आहे हे थोड्यांना ठाऊक असते. लीचेस हे तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले, जाहिराती आणि वर्गणी न घेता देणग्यांवर चालणारे संकेतस्थळ आहे, आणि तिथे मागितलेल्या डावांचे विश्लेषण करण्याचा मोठा भार फिशनेट नावाच्या व्यवस्थेद्वारे जगभरातले लोक आपल्या घरच्या संगणकाची रिकामी ताकद देऊन उचलतात. स्टॉकफिशही अशाच बिनपगारी प्रोग्रामरांच्या सहकार्यातून वाढला आहे.

मुलांच्या बाबतीत स्वागताला मर्यादा घालणे हेच खरे स्वागत ठरते. अनोळखी माणसाने मुलाला खाजगी संदेश पाठवून विचारपूस करणे, मग तो कितीही सज्जन असो, योग्य नाही. लीचेसवर मुलांसाठी वेगळी अवस्था निवडता येते, जिच्यात गप्पा, संदेश आणि चर्चा पूर्णपणे झाकल्या जातात आणि फक्त पट उरतो. पालकांनी ती खाते उघडतानाच चालू करावी आणि खात्याला मुलाचे खरे नाव, गावाचे नाव किंवा जन्मवर्ष देऊ नये. मुलींच्या वाट्याला येणारा त्रास वेगळा आणि जुना आहे. १९७६ मध्ये मुंबईची तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली तेव्हा तिच्या खेळण्यालाच आक्षेप घेण्यात आला, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. आज पटावर कोणाला कोणी अडवत नाही, मात्र खात्याच्या नावावरून मुलगी असल्याचे दिसताच येणारे संदेश अनेकींना खेळातून बाहेर ढकलतात, आणि अशा वेळी तक्रार वाचून तातडीने कृती करणारा स्वयंसेवक स्वागताच्या दहा गोड ओळींपेक्षा उपयोगी असतो.

दृष्टिहीन खेळाडूंच्या संदर्भात महाराष्ट्राचा अनुभव विशेष आहे. मुंबईचे चारुदत्त जाधव, जे स्वतः दृष्टिहीन आहेत, त्यांनी अंधांसाठीच्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची उभारणी केली आणि चाली बोलून दाखवणाऱ्या टॉक६४ या संगणकीय साधनामागेही त्यांचीच कल्पना आहे. दृष्टिहीन खेळाडू स्पर्धेत खाचा असलेला पट बोटांनी चाचपून खेळतात. इंटरनेटवर त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून राहावे लागते, आणि तिथे नव्या खेळाडूला लागणारी मदत बुद्धिबळाची नसून कोणत्या कळीने काय ऐकू येईल याची असते. ही माहिती सहसा दुसरा दृष्टिहीन खेळाडूच देऊ शकतो.

मराठीपुरते बोलायचे तर परिस्थिती अर्धी भरलेली आहे. लीचेसचा मजकूर शंभराहून अधिक भाषांत स्वयंसेवकांनी अनुवादित केला आहे आणि त्यांत मराठीही आहे, म्हणजे कळींची नावे आणि सूचना मराठीत वाचता येतात. शंका विचारण्याची जागा मात्र बहुतेक इंग्रजीतच आहे, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले मूल स्टेलमेटची तक्रार इंग्रजीत लिहिण्याऐवजी ॲप काढून टाकते. मराठी विकिपीडियाने, जो २००३ पासून चालू आहे, आपल्या चर्चेच्या जागेला चावडी हे नाव दिले आणि नव्या सदस्याला स्वागताचा संदेश पाठवण्याची प्रथा पाडली. तिथलाही धडा असाच की आपोआप जाणाऱ्या संदेशापेक्षा चावडीवर माणसाने दिलेले दोन ओळींचे उत्तर सदस्याला अधिक टिकवते. बुद्धिबळाच्या मराठी चावड्या आज प्रामुख्याने व्हॉट्सॲपच्या गटांत आहेत: एखादा क्रीडाशिक्षक किंवा प्रशिक्षक गट काढतो, संकेतस्थळावर त्याच गटाचा संघ नोंदवतो आणि रविवारी ठरलेल्या वेळी आपसांतली स्पर्धा लावतो. अशा गटांचा धोकाही तिथेच असतो. काही ठिकाणी स्वागताच्या संदेशापाठोपाठ शिकवणीच्या शुल्काचे पत्रक येते, काही ठिकाणी गटप्रमुखाचा शब्द हाच नियम ठरतो आणि प्रश्न विचारणारा बाहेर काढला जातो. शिकवणी लावणे गैर नाही, पण ती आणि स्वागत यांची सरमिसळ झाली की नवख्याला कोणाचा सल्ला निरपेक्ष आहे हे कळेनासे होते. विसाजणांचा, सगळ्यांना एकमेकांचा खेळ ठाऊक असलेला गट पाचशे सदस्यांच्या गटापेक्षा अधिक खेळाडू घडवतो, असे म्हणायला हरकत नसावी.

बीडसारख्या जिल्ह्यात एक सोय विशेष उपयोगाची आहे आणि तिची माहिती नवख्यांना सहसा कोणी देत नाही. पूर्वी टपालाने पोस्टकार्डावर चाल लिहून पाठवत आणि एक डाव महिनोन्‌महिने चाले, त्याच धर्तीवर संकेतस्थळांवर प्रत्येक चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत मुदत देणारे डाव लावता येतात. उसाच्या गळीत हंगामात आईवडिलांबरोबर साखर कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाला दिवसभर फोन मिळत नाही, मिळाला तर चार्जिंग नसते आणि चार्जिंग असले तर रेंज नसते. परंतु तीन दिवसांत एक चाल एवढी अट तो पाळू शकतो, आणि गावाकडे राहिलेल्या वर्गमित्राशी त्याचा डाव पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत चालू राहू शकतो. असा डाव शिकवण्याच्या दृष्टीनेही उत्तम, कारण प्रत्येक चालीवर विचार करायला वेळ असतो. फक्त स्टॉकफिशला न विचारण्याचा नियम इथेही लागू आहे हे आधी सांगावे लागते.

पडद्यावर स्थिरावलेला खेळाडू पुढे कधीतरी सभागृहातल्या स्पर्धेला जातो, आणि तिथे तो दुसऱ्यांदा नवखा होतो. ऑनलाइन पटावर नियमबाह्य चाल करताच येत नाही: राजा शहात असेल तर शह न सोडवणारी चाल होतच नाही, त्यामुळे शह आपणच ओळखण्याची सवय लागत नाही. सभागृहात लाकडी मोहऱ्यांना तसे काही कळत नसते. तिथे मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला की तोच हलवावा लागतो, चाल झाल्यावर त्याच हाताने घड्याळाची कळ दाबावी लागते, दीर्घ डावांत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते, आणि पहिली नियमबाह्य चाल झाली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात, दुसरी झाली तर डाव गमवावा लागतो. ऑनलाइन १५०० चा आकडा बाळगणारी मुले पहिल्याच स्पर्धेत अशा कारणाने हरतात तेव्हा त्यांना सांभाळणारा पंच किंवा आयोजक जागेवर असेलच असे नाही. म्हणून गटातल्या ज्येष्ठाने स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात फोन बाजूला ठेवायला लावून, खरा पट आणि खरे घड्याळ घेऊन, चाली लिहीत दहाबारा डाव खेळून घ्यावेत, आणि शह बसल्यावर स्वतः काहीही न बोलता समोरच्याला तो ओळखू द्यावा.